कासेरिओची गाणी

(दृश्य: सान हुआन. सरकारी इमारतींच्या रांगा, गॅलरीत वाळणारे कपडे, फाटकाशी पहाऱ्याची चौकी.)

पोर्तो रिको हे कॅरिबियनमधलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, सान हुआन त्याची राजधानी. इथे गरिबांच्या या सरकारी वसाहतींना कासेरिओ म्हणतात. 1993 साली गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांनी गुन्हेगारीविरुद्ध ‘मानो दुरा’ (कडक हात) मोहीम काढली. पोलिसांच्या जोडीला नॅशनल गार्ड या राखीव लष्कराचे जवान वसाहतींत घुसले. भोवती कुंपणं पडली, जायला-यायला चौक्या बसल्या. इथल्या पोरांच्या गाण्यांत पिस्तूल, तुरुंग आणि गेलेला मित्र सारखा का येतो, हे विचारायला लांब जायला नको.

आज ज्याला रेगेटॉन म्हणतात, त्या संगीताला तेव्हा ‘अंडरग्राउंड’ म्हणत. ताल डान्सहॉल या जमैकाच्या नाचाच्या संगीताचा, रॅप न्यूयॉर्कहून आलेला, आणि स्पॅनिशमध्ये रेगे गायची वाट पनामाच्या गायकांनी पाडलेली. डीजे प्लेयेरोच्या कॅसेट हातोहात फिरायच्या, एकीवरून दुसरी भरली जायची. 1995 मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून शेकडो कॅसेट जप्त केल्या. आरोप अश्लीलतेचा. गाणी मात्र आणखीच पसरली.

(दृश्य: बेसबॉलचं रिकामं मैदान.)

रामोन आयाला याच दिवसांतला. विया केनेडी या कासेरिओत वाढलेला, बेसबॉलपटू व्हायचं म्हणून झटणारा. प्लेयेरोकडे रेकॉर्डिंग चालू होतं. मध्येच जरा बाहेर पडला आणि भलत्यांच्याच गोळीबारात सापडला. रायफलची गोळी लागली. डॉक्टरांना ती काढता आली नाही. दीड-एक वर्ष सावरण्यात गेलं, बेसबॉल कायमचं सुटलं. हाच पुढे जगाला माहीत झालेला डॅडी यांकी.

म्हणून रेगेटॉनमधल्या सोनसाखळ्या आणि गाड्या मला नुसता माज वाटत नाहीत. ‘मी वर आलो’ म्हणणारा आधी ‘मी वाचलो’ म्हणत असतो. त्या महत्त्वाकांक्षेत हिशेबही पक्का आहे. यांकीनं ‘एल कार्टेल’ ही स्वतःची कंपनी काढली, आणि 2004 च्या ‘बारिओ फिनो’ अल्बमवर तिचं नाव झळकलं.

याच गाण्यांत बाईला मात्र बऱ्याचदा वस्तूसारखं वागवलं जातं, आणि ते खटकलंच पाहिजे. आयव्ही क्वीन या रेगेटॉन गायिकेनं तिथेच उभं राहून ठणकावलं: मी तुझ्याबरोबर नाचले, म्हणून तुझ्याबरोबर येईन असं समजू नकोस. पुरुषांनी भरलेल्या त्या स्टेजवर टिकून राहणं हीसुद्धा एक लढाईच होती.

(दृश्य: जुलै 2019. जुन्या सान हुआनच्या गल्ल्यांत गर्दी, झेंडे, भांड्यांचा खणखणाट.)

आता गव्हर्नर होते पेद्रो रोसेयोंचे चिरंजीव, रिकार्दो. त्यांच्या गोटातल्या खासगी गप्पा फुटल्या. त्यांत बायकांची टवाळी होती, 2017 च्या मारिया चक्रीवादळात मेलेल्यांचीही. लोक रस्त्यावर उतरले. एकेकाळी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरणारा गायक बॅड बनी गाण्यांचा दौरा थांबवून मोर्चात आला. 24 तारखेला तरुण मुलंमुली कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर रेगेटॉनच्या तालावर नाचली. त्याच रात्री, बारा वाजायच्या सुमाराला, रिकार्दो रोसेयोंनी राजीनामा जाहीर केला.