टेस्टर पेटतो, इस्त्री मात्र तापत नाही

(ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेत रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, सॉकेट बिघडलं की आपण टेस्टर खुपसतो. दिवा लागला तर सॉकेट ठीक, नाही लागला तर वीज नाही. हे दोन्ही निष्कर्ष चुकू शकतात, आणि दुसरा चुकला तर जिवावर बेततं. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटलेला असला तरी फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेच्या, भोकात टेस्टर पेटतोच. त्याच सर्किटवर आणखी एखादं उपकरण चालू असेल, तर त्याच्यातून फेज मागे फिरतो आणि न्यूट्रलच्या भोकातही दिवा लागतो. उलट भर दुपारी खिडकीपाशी टेस्टरमधल्या निऑन दिव्याचा मंद उजेड दिसतच नाही. म्हणून तार हाताळण्याआधी वीज बंद असल्याची खात्री टेस्टरवर सोडू नका.

आज मला मुख्यतः सैल जोडाबद्दल बोलायचं आहे. लक्षण ओळखीचं आहे: मोबाइल चार्ज होतो, पण इस्त्री लावली की मिनिटाभरात थंड. किंवा प्लग जरा हलवला की चालू, सोडला की बंद. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपियर घेते. सॉकेटमागच्या स्क्रूखाली जोड सैल होऊन तिथे अर्धा ओहम अवरोध तयार झाला, तर त्या एका टोकाशी 38 वॉटच्या आसपास उष्णता निर्माण होते. नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकला खेटून. चार्जर घेतो जेमतेम 0.1 अँपियर, म्हणून त्याच्यावर काहीच जाणवत नाही.

आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही. का पडावा? प्रवाह वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झाला आहे. आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतला फरक पाहतो. इथे तोही नाही. डीबीतली, म्हणजे घराला वीज वाटणाऱ्या पेटीतली, ही दोन्ही उपकरणं धडधाकट असताना प्लेट काळी पडू शकते. त्यामुळे जड उपकरण 15–20 मिनिटं चालवून बंद केल्यावर प्लगला हात लावून बघणं, ही सवय मला फार मोलाची वाटते. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर ते सॉकेट त्याच क्षणी वापरातून काढा.

जोड सैल का होतो? तांबं स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपतं, तापतं-निवतं, पकड ढिली होते. एका टर्मिनलमध्ये दोन-तीन लूप, म्हणजे एका सॉकेटवरून पुढच्या सॉकेटला नेलेल्या तारा, कोंबलेले असतात, त्यातली पातळ तार नीट दाबली जात नाही. तार सोलताना काही तंतू तुटतात. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो आणि अवरोध वाढतो. सॉकेटच्या आतल्या पट्ट्यांची स्प्रिंगही जाते; तेव्हा मागचा स्क्रू कितीही आवळा, उपयोग नाही, सॉकेटच बदलावं लागतं. 16 अँपियरचा प्लग 6 च्या सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्जन प्लग मिळतात. गीझर, शेगडी, हीटर यांच्यासाठी ते घरात ठेवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तपासणी. आधी तेच उपकरण दुसऱ्या, चालू सॉकेटवर लावून बघा. पुष्कळदा दोष प्लगमध्ये किंवा वायरीत निघतो. मग शेजारची सॉकेटं बघा. एका ओळीतली सगळी बंद असतील, तर आधी डीबी बघा. एमसीबी चालू असेल, तर लूप या सॉकेटांच्या आधी कुठेतरी तुटला आहे. जळका वास, चरचर किंवा ठिणगी असेल तर बोर्डाच्या स्विचला हात न लावता थेट डीबीवरून बंद करा. भिंत ओली असेल तर उघडूच नका.

उघडायचं असेल तर फक्त त्या खोलीचा एमसीबी पाडून भागत नाही. एकेरी एमसीबी फेजच तोडतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात. दोन्ही तारा तोडणारा मेन बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करा. मेन पाडल्यावरही इन्व्हर्टरच्या तारांत 230 व्होल्ट असतात, हे लोक विसरतात. मल्टिमीटर एसी 600 किंवा 750 व्होल्टवर ठेवा. मेन पाडण्याआधी चालू सॉकेटवर मीटर चालतो ना ते बघा. मेन पाडून प्लेट काढल्यावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजा. शेवटी शेजाऱ्याच्या चालू सॉकेटवर मल्टिमीटर अजून शाबूत आहे याची पुन्हा खात्री करा. मधल्या वेळात लीड तुटली असेल, तर शून्य आकडा खोटा असतो.

समोरून पाहता वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. सॉकेट उलटं केलं की डावं-उजवं बदलतं; त्यामुळे एल, एन आणि अर्थच्या खुणा वाचूनच जोडा. तार जळून कडक झाली असेल तर चांगल्या तांब्यापर्यंत कापून नव्याने सोला. आवळल्यावर प्रत्येक तार ओढून बघा. 16 चं सॉकेट 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेवर बसवू नका. त्यासाठी किमान 2.5 ची तार हवी. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा घालू नका, तो भिंतीतल्या तारेचं रक्षण करतो.

प्लेट बसवून मेन चढवला की इस्त्री लावून 15 मिनिटं चालवा आणि प्लग चाचपा. नवं सॉकेट असूनही तापत असेल, तर प्लगच्या पिना आणि लूपमधला आधीचा बोर्ड तपासायला परवानाधारक वायरमन बोलवा, आणि कोणत्या उपकरणावर, किती वेळाने तापतं ते त्याला नेमकं सांगा.