पत नुसत्या कृतीवर मोजली तर

इ. स. १०५५च्या सुमारास जेरुसलेममधल्या एका आडत्यावर एका मगरिबी (म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या ज्यू व्यापारी गटातल्या) व्यापाऱ्याचे पैसे खाल्ल्याचा आरोप झाला. बातमी पसरली आणि पार सिसिलीतल्या व्यापाऱ्यांनी त्याच्याकडची कामं काढून घेतली. ज्यांचं त्यानं काहीच बुडवलं नव्हतं, त्यांनीसुद्धा. जुन्या कैरोतल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, साठून राहिलेल्या पत्रांवरून अर्थशास्त्रज्ञ अव्हनर ग्राइफ यांनी १९८९मध्ये ही व्यवस्था मांडली. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक एडवर्ड्स आणि ओगिल्वी यांचा तिच्यावर आक्षेप आहे. हे व्यापारी न्यायालयांतही जात, असं ते दाखवतात. माझ्या मते न्यायालय असलं म्हणून पत पाहण्याची गरज संपत नाही. पण ग्राइफ यांच्या मांडणीतला एक नियम लक्षात ठेवा: लबाड ठरलेल्या व्यापाऱ्याला त्याच्या आडत्यानं फसवलं, तर त्या आडत्यावर बहिष्कार नाही.

हा नियम का लागतो, ते गणितातून कळतं. समजा, मदत करणाऱ्याला खर्च १, घेणाऱ्याला फायदा ३, आणि ही दोघं पुन्हा कधी भेटणार नाहीत. परतफेड होणार ती तिसऱ्याकडून, तीही पत पाहून. नोवाक आणि सिग्मुंड या गणितज्ञांनी १९९८मध्ये आपल्या गणिती प्रारूपात प्रत्येकाला उणे ५ ते अधिक ५ असे गुण दिले. मदत केली की एक गुण वाढतो, नाकारली की एक उतरतो. सहकार्य टिकायचं तर समोरच्याची पत माहीत असण्याची शक्यता खर्च भागिले फायदा याहून जास्त हवी. आपल्या आकड्यांत एक तृतीयांशाहून जास्त.

पण इथे एक खोट आहे. अ नं लबाड ल ला मदत नाकारली. योग्यच केलं, तरी अ चा गुण उतरला. ब ला कारण ठाऊक नाही, दिसतो तो उतरलेला गुण. म्हणून तो अ ला नाकारतो, आणि आता ब चाही गुण उतरतो. शिक्षा करणाराच शिक्षेत सापडतो. मग लबाडाला कोण अडवणार? म्हणून नुसतं ‘काय केलं’ पाहून भागत नाही, ‘कोणाशी केलं’ तेही पाहावं लागतं. ओहत्सुकी आणि इवासा यांनी पत ठरवण्याच्या आणि त्यानुसार वागण्याच्या नियमांच्या ४,०९६ जोड्या तपासल्या. त्यांतल्या आठच टिकाऊ निघाल्या. आठांतही हे समान आहे: चांगल्याला मदत केली की पत राहते, चांगल्याला नाकारलं की जाते, चांगल्यानं वाइटाला नाकारलं तर जात नाही, आणि वाइटानं चांगल्याला मदत केली तर त्याची पत परत येते. मगरिबींचा नियम तिसऱ्या कलमाचाच भाऊबंद.

पुढची अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. हे आठ नियम गृहीत धरतात की एखाद्याविषयी सगळ्यांचं मत एकच असतं. हिल्बे आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रत्येकाला स्वतंत्र, अधूनमधून चुकणारी नजर दिली, आणि आठांची पकड ढिली झाली. अ च्या नजरचुकीनं क वाईट ठरतो. अ त्याला नाकारतो. ब च्या लेखी क चांगलाच आहे, म्हणून तो अ ला वाईट ठरवतो. एका चुकीतून मतभेद, मतभेदातून नवे मतभेद. पत सांभाळायची तर मतं जुळवणारं काही मध्ये लागतं: सगळ्यांना दिसणारी वही, पंच, किंवा मगरिबींसारखी सतत फिरणारी पत्रं.

माणसांच्या संबंधांच्या जाळ्यात आणखी एक सोय असते: संबंध तोडण्याची. मदत द्यायची तर सगळ्याच शेजाऱ्यांना द्यावी लागते, अशा ठरीव जाळ्यात पत न पाहता सहकार्य वाढायचं तर फायदा भागिले खर्च हा आकडा शेजाऱ्यांच्या संख्येहून मोठा हवा. म्हणजे आपल्या उदाहरणात शेजारी तिघांहून कमी. माणसांच्या जगात हे अवघडच. रँड, आर्ब्समन आणि क्रिस्ताकिस यांच्या २०११च्या प्रयोगात माणसं फेरीफेरीनं शेजाऱ्यांना मदत करायची की नाही ते ठरवत; समोरच्यानं मागच्या फेरीत काय केलं ते सांगून त्यांना संबंध जोडायची-तोडायची मुभा दिली होती. दर फेरीला ३० टक्के जोड्यांना ती मिळाली तेव्हा सहकार्य टिकलं. १० टक्क्यांना मिळाली तेव्हा ते घसरत गेलं, अजिबात न बदलणाऱ्या जाळ्यात घसरतं जवळपास तसंच.