गाणं येतं, पण कॉलेजचा फॉर्म कोण भरणार?

राम राम मंडळी, जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथून कुठून ऐकताय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज संगीताच्या क्लासबद्दल बोलायचंय आणि त्याच दमात कॉलेजच्या ॲडमिशनबद्दलही, कारण आपल्याकडच्या गरीब पोरांसाठी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून चालतच नाही, असं माझं पक्कं मत आहे.

आता बघा, खान्देशात गाणं कमी आहे का हो? श्रावणात कानबाई बसते तेव्हा बाया रात्रभर गातात, भादव्यात गुलाबाई असते, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावरची गाणी, आणि वर सातपुड्यात अक्कलकुवा-धडगाव साइडला गेलात तर होळीला मोठाले ढोल, फुंकून वाजवायची पावरी आणि पहाटेपर्यंत नाच. त्या ढोलावर बारा-तेरा वर्षांचं पोरगं असा ठेका धरतं की ऐकत राहावं. पण तेच पोरगं शाळेत संगीताच्या तासाला मागच्या बाकावर, कारण सर पेटीवर जे घेतात ते त्याच्या कानावर कधी पडलेलं नाही, आणि त्याला जे येतं त्याला तिथे कोणी संगीत म्हणत नाही. याचा मला खरंच फार राग येतो.

मी रविवारी मुलांना शिकवतो. केरवा ताल शिकवायचा असला की आधी त्यांना त्यांचाच ढोल वाजवू देतो, मग टाळी देत एक ते आठ मोजायचं, आणि त्या मात्रांवर बोल ठेवायचे, धा गे न ती, न क धी न. हात आधीच तयार असतात, फक्त मोजायची सवय लावायची. आमच्यात एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. ती ढोलाच्या खोडाला डावा तळहात लावून बसते आणि उजव्या हाताने मांडीवर मात्रा धरते, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की तिची मान बरोबर हलते. आधी ती दुसऱ्यांचे हात बघून वाजवायची, आता डोळे मिटले तरी लय सुटत नाही. मग कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हे आपण दारातच कसं काय ठरवतो?

आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं उलटंच. "दिसत नाही ना, मग गाणं शिकव," असं सगळे सहज बोलून जातात. विष्णू दिगंबर पलुस्करांची नजर लहानपणी फटाक्याने अधू झाली, ते मिरजेला गाणं शिकले आणि 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, हे खरंय, मोठंच काम आहे. पण एखाद्या पोराला वकील व्हायचं असेल तर होऊ द्या ना, गाणं सोबत राहीलच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, वयात 5 वर्षांची सूट आहे. परीक्षेला लेखनिक मागता येतो, वेळही वाढवून मिळतो. पण त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हातात पाहिजे, आणि ते काढायचं राहून जातं.

ज्यांना गाण्यातच पुढे जायचंय त्यांच्यासाठीही रस्ते आहेत. शास्त्रीय संगीताच्या मान्य परीक्षा दिल्या की दहावीला शाळेमार्फत वाढीव गुणांचा प्रस्ताव जातो, बारावी आर्ट्सला संगीत विषय घेता येतो, पुढे पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, नंदुरबारवाल्यांना बडोद्याचं विद्यापीठही काही लांब नाही. आणि आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचा युवारंग हा युवक महोत्सव आहेच, पोरगं कुठल्याही शाखेचं असलं तरी तिथे स्टेज मिळतं.

अडतं कुठे माहितीये? कागदांवर. आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरं, बँक खातं आधारला लिंक नाही, मग महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरला तरी पैसे अडकतात. नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि नेमकं सही लागते तेव्हा आईबाप गावात नसतात. म्हणून मी आता क्लासमध्येच दिवाळीआधी एक रविवार कागदांचाच ठेवतो, त्या दिवशी गाणं नंतर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नावातली चूक, सगळं आईबापांसमोर बघून घेतो. एक आजी मला म्हणाल्या, "भो, पोरगं गानं शिकी ऱ्हायनं का कागदं?" मी म्हटलं, आजी, दोन्ही.

तर ऐकणाऱ्यांपैकी कोणी रिटायर्ड क्लार्क असाल, तलाठी ऑफिसात काम केलेलं असेल, किंवा कॉलेजात शिकत असाल आणि ऑनलाइन फॉर्म भरता येत असतील, तर तुमच्या गावात जिथे पोरं गायला-वाजवायला जमतात तिथे महिन्यातून एक रविवार दोन तास जाऊन बसा. गाणं येत नसलं तरी चालेल, दाखल्यांची झेरॉक्स कुठे द्यायची आणि साहेब कोणत्या वारी भेटतात, एवढं सांगता आलं तरी पुष्कळ झालं.