तुरान यांची वीटभट्टी

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून चित्राविषयी बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. तेव्हा जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. नसेल तर टेबलावर बोटानं रेघा ओढल्या तरी भागेल.

तीन घरं, आणि पाणी, गॅस, वीज अशी तीन केंद्रं. प्रत्येक घराला तिन्ही जोडण्या द्यायच्या, म्हणजे एकूण 9 रेघा, आणि एकही रेघ दुसरीला ओलांडून जाता कामा नये. हे कोडं तुमच्यापैकी अनेकांनी वहीच्या मागच्या पानावर सोडवून पाहिलं असेल. आठ रेघा बिनबोभाट जमतात, नववी अडते. मग आपण सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतो, कारण वाटतं, मघाशी एखादी रेघ भलत्याच बाजूनं वळवली.

तसं काही नसतं. पहिल्या घरापासून निघा, पाण्यापाशी जा, तिथून दुसरं घर, मग गॅस, मग तिसरं घर, मग वीज आणि परत पहिलं घर. सहा रेघांचं एक बंद कडं झालं. कितीही वेडंवाकडं असू दे, कडं ते कडंच. उरल्या तीन रेघा: पहिलं घर ते गॅस, दुसरं घर ते वीज, तिसरं घर ते पाणी. तिन्ही जोड्या कड्यावर अगदी समोरासमोर येतात. त्यातली एक रेघ कड्याच्या आतून काढली की आतल्या जागेचे दोन तुकडे होतात आणि दुसरीला आतून वाट उरत नाही. बाहेरून काढली तरी तेच. जागा दोनच, आत किंवा बाहेर. रेघा मात्र तीन. संपलं! काढता येतील तेवढी सगळी चित्रं एका दमात निकालात निघाली. अशी सिद्धता ऐकली की मला तर दाद द्यावीशी वाटते.

एकही छेद न होता ज्याचं चित्र काढता येतं, अशा जाळ्याला गणितात प्रतलीय आलेख म्हणतात. पोलंडच्या काझिमिएझ कुरातोव्स्की यांनी 1930 साली दाखवून दिलं, की जे जाळं असं काढता येत नाही त्याच्या पोटात दोनपैकी एक सांगाडा दडलेला असतोच: एक तर हे तीन घरांचं कोडं, नाहीतर प्रत्येकाशी प्रत्येक जोडलेले पाच बिंदू. रेघांवर मध्ये आणखी थांबे असू शकतात, इतकंच.

बरं, छेद टळणारच नसेल, तर कमीत कमी किती?

हा प्रश्न ज्यांना पडला ते हंगेरीचे गणिती पाल तुरान. साल 1944. ज्यू असल्यामुळे त्यांना सक्तीच्या मजुरीवर पाठवलेलं, बुडापेस्टजवळच्या एका वीट कारखान्यात. प्रत्येक भट्टीपासून विटा रचायच्या प्रत्येक आवारापर्यंत रूळ टाकलेले. भट्टीपाशी छोट्या गाड्यांत विटा भरायच्या, ढकलत न्यायच्या, रिकाम्या करायच्या. काम तसं अवघड नव्हतं, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. गोची व्हायची ती क्रॉसिंगवर. रूळ रुळाला जिथे छेदत, तिथे गाडी घसरायची आणि विटा खाली सांडायच्या. त्यात वेळ जायचा आणि वेळ मोलाचा होता. का, ते इथे सांगत नाही, एवढंच म्हणून ते थांबतात. घाम पुसत, शिव्या घालत विटा उचलताना त्यांच्या मनात आलं: हीच क्रॉसिंगं कमीत कमी किती असू शकतील?

1952 मध्ये तुरान पोलंडला गेले, तेव्हा त्यांनी हा प्रश्न तिथल्या काझिमिएझ झारांकिएविच यांना सांगितला. त्यांची युक्ती तुम्हालाही करून पाहता येईल. कागदावर अधिक चिन्हासारख्या दोन रेघा काढा. आडवीवर भट्ट्या मांडा, निम्म्या डावीकडे, निम्म्या उजवीकडे. उभीवर आवारं, निम्मी वर, निम्मी खाली. मग प्रत्येक भट्टी प्रत्येक आवाराला सरळ रेघेनं जोडा. तीनास तीन असतील तर छेद येतो एकच. चारास चारला 4, पाचास पाचला 16.

याहून कमी शक्यच नाहीत, अशी सिद्धता झारांकिएविच यांनी 1954 मध्ये छापली. दहाएक वर्षं सगळे ती धरून चालले. मग गेरहार्ड रिंगेल आणि पॉल काइनेन या दोघांना, एकमेकांना न विचारता, तिच्यात भगदाड सापडलं. उत्तर चुकीचं ठरलं नाही. सिद्धता तेवढी कोसळली. 1970 मध्ये डॅनियल क्लाइटमन यांनी सहा भट्ट्यांपर्यंत काम फत्ते केलं, मग आवारं कितीही असोत. सातास सातला 81 छेद लागतातच, हे 1993 साली डग्लस वुडॉल यांनी संगणकाच्या मदतीनं दाखवलं. कितीही भट्ट्या आणि कितीही आवारं धरून चालेल अशी सिद्धता अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.

गंमत अशी, की छेदाशिवाय जमेल की नाही, एवढंच विचारलं तर संगणक भल्यामोठ्या जाळ्याचंही उत्तर झटकन देतो. हॉपक्रॉफ्ट आणि टार्जन यांनी त्याची वेगवान रीत 1974 मध्येच दिली. पण कमीत कमी छेद किती, हे कुठल्याही जाळ्यासाठी झटपट सांगणारी रीत कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सर्किट बोर्ड बनवणारे त्या भानगडीत फारसे पडतच नाहीत. तांब्याच्या दोन रेघा आडव्या येऊ लागल्या, की बोर्डाला भोक पाडतात आणि एक रेघ खालच्या थरातून नेतात.