'हुशार आहेस' म्हटल्यावर

पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. ती बऱ्यापैकी सुटली. मग काहींना सांगितलं, "हुशार आहेस." काहींना, "चांगली मेहनत घेतलीस." फरक एवढ्या एका वाक्याचा.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे हे प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढचं काम निवडायला सांगितल्यावर 'हुशार' मुलांपैकी बहुतेकांनी सोपं काम घेतलं, मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्या बहुतेकांनी नवं शिकवणारं. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच अडखळले. मग पुन्हा पहिल्यासारखीच कोडी आली आणि 'हुशार' मुलं मागे पडली. एवढंच नाही, आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवताना त्यांच्यातल्या दहापैकी जवळपास चार जणांनी ते वाढवून लिहिले! हुशारीचा शिक्का टिकवायचा, तर चूक लपवावी लागणारच.

शाळांनी मात्र यातून सोयीचं तेवढं उचललं. भिंतीवर घोषवाक्यं लागली, उत्तर चुकलं तरी "प्रयत्न छान होता" सुरू झालं. अशा पोकळ शाबासकीबद्दल पुढे खुद्द ड्वेक यांनीच सावध केलं.

मेहनतीने क्षमता वाढवता येते, या ड्वेक यांच्या विचाराला 'ग्रोथ माइंडसेट' म्हणतात. त्याचा गाजावाजा मोठा, पण आकडे बेताचे आहेत. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांपैकी साधारण निम्म्यांना हाच विचार शिकवणारा, तासाभरापेक्षाही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला गेला. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अभ्यासात मागे असलेल्यांची सरासरी श्रेणी, साधारण ४ च्या मापावर, जेमतेम ०.१ ने वाढली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट त्यापुढची आहे. ज्या वर्गांत गणिताच्या शिक्षकांचाच मुलं सुधारू शकतात यावर विश्वास नव्हता, त्या वर्गांत हा पाठ फारसा लागू पडला नाही.

विश्वास मुलांना दिसतो तो फळ्यापाशी.

"बाई, मला नाही येत."

"तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर आहे. चौथीत काय केलंस, ते बोलून दाखव."

मुलगी बोलत जाते आणि मध्येच थांबते. चिन्ह बदलायचं राहिलंय. बाई उत्तर सांगत नाहीत, तसंच आणखी एक गणित देतात.

याला वेळ लागतो, आणि पोर्शन संपवायच्या घाईत तोच नसतो. शिवाय दुरुस्त केलेल्या उत्तराला एकही गुण मिळणार नसेल, तर मुलांनी ते पुन्हा का सोडवावं? काही शिक्षक म्हणूनच चाचणीनंतर दुसरी संधी देतात. आधीची चूक कुठे झाली ते मुलाने स्वतः लिहायचं, नवा प्रश्न सोडवायचा, आणि गुण दुसऱ्या वेळचे धरायचे.