नकाशातला रंग आणि शिवजयंतीची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

२०२५ साली एनसीईआरटीचं आठवीचं सामाजिक शास्त्रांचं नवं पुस्तक आलं. त्यात मराठ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. दिल्लीहून येणाऱ्या इतिहासाच्या पुस्तकांत मराठ्यांना फार थोडी जागा मिळते, ही आपली जुनी तक्रार, आणि ती रास्तच होती. म्हणून या प्रकरणाचं महाराष्ट्रात स्वागत झालं. पण त्यातल्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवलं होतं. जैसलमेरच्या राजघराण्याच्या वंशजांनी त्याला हरकत घेतली: आमच्या संस्थानावर मराठ्यांची सत्ता कधीच नव्हती, याला पुरावा काय? वाद वाढला आणि एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमली.

बातम्यांमध्ये हा मराठे विरुद्ध राजपूत असा सामना झाला. मला मात्र वाटलं, आठवीच्या वर्गात तीन-चार तास शिकवावं इतकं या एका नकाशात आहे. अठराव्या शतकात एखादा मुलूख मराठ्यांचा आहे असं म्हणायचं, तेव्हा नेमकं काय अभिप्रेत असतं? पेशवे बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून सनदा घेऊन आले. त्यांत स्वराज्याची सनद वेगळी होती, दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची वेगळी आणि सरदेशमुखीची, म्हणजे महसुलातल्या आणखी दहाव्या हिश्श्याची, वेगळी. स्वराज्यात कारभार आपला, वसूल आपला. चौथाईच्या मुलखात महसुलाचा चौथा हिस्सा आपला, पण सुभेदार दुसऱ्याचा. याशिवाय मोहिमेवर गेलं की एखाद्या संस्थानिकाकडून खंडणी घेऊन परत फिरायचं, हा तिसरा प्रकार. या तिन्ही प्रकारच्या मुलखांना नकाशात एकच रंग दिला की मुलाला त्यांतला फरक कधी दिसतच नाही. तीच मुलं वहीत तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन तो नकाशा पुन्हा काढायला बसली, तर जैसलमेरला कोणता रंग द्यायचा हे ठरवण्यासाठी त्यांना आधार शोधावा लागेल. आधार मिळाला नाही, तर ती जागा कोरी ठेवावी लागेल. इतिहासाच्या तासाला मुलांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे भांडण होतं ते पुस्तकात काय असावं आणि काय नसावं, यावर. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं तेव्हा झालं, २००२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२३ मध्ये बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरचं प्रकरण काढलं तेव्हा पुन्हा पेटलं. महाराष्ट्रात २०१७ साली सातवीचं पुस्तक बदललं आणि मुघलांचा भाग बराच आटोपता झाला, तेव्हाही वर्तमानपत्रांचे रकाने भरले. माझं मत स्पष्ट आहे. मुघल गाळून शिवाजी महाराज शिकवता येत नाहीत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले आणि संभाजीराजांना पाच हजारी मनसब, म्हणजे मुघल दरबारातला ठरावीक दर्जा, मिळाली. मनसब म्हणजे काय, दरबारात कोणत्या दर्जाचा माणूस कोणत्या रांगेत उभा राहतो, हे ज्या मुलाला माहीत नाही, त्याला १६६६ च्या आग्र्याच्या दरबारात महाराज का संतापले हे कसं कळणार? शत्रूची व्यवस्था किती मोठी आणि किती मुरलेली होती हे समजलं, तरच तिच्यासमोर उभं राहिलेल्या माणसाची उंची समजते.

पण समजा उद्या सगळ्यांच्या मनासारखं पुस्तक तयार झालं. तरी वर्गात काय होईल? बाई धडा वाचून दाखवतील, मुलं महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतील आणि सहामाहीला गाळलेल्या जागा भरतील.

१९ फेब्रुवारीचंच घ्या. या दिवशी शाळेला सुट्टी असते. मिरवणूक असते, पोवाडे असतात, मुलं भाषणं पाठ करून येतात. ही तारीख कशी ठरली, हे मात्र त्या मुलांना कोणी सांगत नाही. आणि ती गोष्ट विलक्षण आहे. बराच काळ महाराजांचा जन्म १६२७ चा मानला जात होता, तो बखरींच्या आधारे. त्यांतली चिटणीसांची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणं, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत जन्माची नोंद होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. म्हणजे एकदम जवळजवळ तीन वर्षांचा फरक. एवढ्या एका नोंदीवर विसंबायचं का? अभ्यासकांमध्ये वाद झाले. पुढे महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचं शिवभारत हे संस्कृत काव्य तंजावरहून मिळालं, १९२७ मध्ये ते छापलं गेलं. त्यातही शके १५५१ च्या फाल्गुनातली हीच तिथी. राजस्थानातल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तीही याच तिथीची. एकमेकांशी काही संबंध नसलेली साधनं एकाच दिवसाकडे बोट दाखवू लागली. तरीही राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे स्वीकारायला २००१ साल उजाडलं.

यात नववीच्या मुलांसाठी एक गणितही आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच, शकावलीत लिहिला आहे तोच. एखाद्या मुलाने हे स्वतः मोजून पाहिलं, तर तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची नोंद आपण आज तपासू शकतो, हे त्याला जन्मभर पुरेल. काही ठिकाणी जयंती तिथीने होते, काही ठिकाणी तारखेने. दोन्हीही याच नोंदीतून निघालेल्या आहेत, हे एकदा वर्गात कळलं तर त्यावरून घराघरांत होणारी कुरबुरही कमी होईल.

तारीख पुराव्याने ठरते. अर्थाबाबत मात्र मतभेद राहतात, आणि तेही मुलांना दाखवायला हवेत. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा रचला, त्यांचे महाराज कुळवाडी-भूषण, कष्टकऱ्यांचे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावर लिहिलं, तेव्हा त्यांना त्या उदयामागे संतांनी केलेली मनाची मशागत दिसली. दोघेही पुण्यात वावरलेले. दोघांची दोन पानं शेजारी ठेवून दहावीतलं मूल विचार करू शकतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. वाद होईल, पालक मुख्याध्यापकांकडे जातील, कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून अर्धंच वाक्य पुढे पाठवेल. म्हणून ते धड्याच्या ओळी सोडत नाहीत. त्यांना दोष देऊन चालणार नाही. संस्थाचालक पाठीशी उभे राहिले, तरच शिक्षक बोलतील.

महाविद्यालयात तरी ही भीती कमी असायला हवी. पण तिथे वेगळीच उणीव आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात कागदांचा मोठा साठा आहे. त्यातलं पुष्कळसं मोडी लिपीत. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं मोडी शाळेत शिकवली जात होती. आज इतिहास घेऊन बी.ए. होणाऱ्या किती मुलांनी एक मोडी कागद स्वतः वाचलेला असतो? पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच मोडी शिकवावी आणि निदान एक अप्रकाशित कागद लिप्यंतर करून घ्यावा, अशी माझी विद्यापीठांना आग्रहाची विनंती आहे.

शाळेसाठी तर नवं पुस्तकही लागणार नाही. दहावीच्या आपल्या पुस्तकात २०१८ पासून इतिहासलेखनावरचे धडे आहेत, आणि ते चांगले आहेत. पण त्यांवर प्रश्न काय येतो, तर आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, व्हॉल्टेअर, देकार्त, रांके की मार्क्स? पुरावा कसा तपासायचा हे सांगणारा धडाही शेवटी एका नावाचं पाठांतर होऊन बसतो. उताऱ्यावरचा प्रश्नही प्रश्नपत्रिकेत असतोच, फक्त उतारा पाठ्यपुस्तकातलाच असतो. त्या जागी जेधे शकावलीतल्या दोन ओळी आणि बखरीतल्या दोन ओळी द्याव्यात. कोणती नोंद अधिक विश्वसनीय वाटते आणि का, एवढंच विचारावं. गुण निवडीला देऊ नयेत, कारणांना द्यावेत. राज्य मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिकेत असा एक प्रश्न आला, तर शाळा जूनपासूनच त्याची तयारी सुरू करतील.

नमस्कार.