बेल्वा लॉकवुड: अर्ज लिहिणारी वकील

श्रोतेहो, नमस्कार.

१८७३ सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना वॉशिंग्टनमध्येच राहणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या बाईंचे पत्र गेले. मजकूर मोजक्या ओळींचा होता. नॅशनल युनिव्हर्सिटीच्या कायदा विद्यालयाचे अध्यक्ष आपण आहात किंवा नाही; असाल, तर तिथला अभ्यासक्रम मी पुरा केला आहे आणि माझे पदवीपत्र मला मिळाले पाहिजे; नसाल, तर विद्यालयाच्या कागदपत्रांवरून आपले नाव काढून घ्यावे आणि आपण जे नाही ते असल्याचे जगाला भासवू नये, असा त्याचा आशय होता. ग्रँट त्या विद्यालयाचे पदसिद्ध अध्यक्ष होते आणि बाईंनी नेमके त्या नावापुरत्या पदावर बोट ठेवले होते. पत्राला उत्तर आले नाही. पदवीपत्र मात्र थोड्याच दिवसांत हाती पडले.

या बाई म्हणजे बेल्वा लॉकवुड. १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉयल्टन या गावी एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्या शाळेत शिकवू लागल्या, तेव्हा पुरुष शिक्षकाच्या निम्मा पगार त्यांच्या हातावर ठेवला गेला, आणि हा हिशेब त्या पुढे कधीच विसरल्या नाहीत. अठराव्या वर्षी लग्न आणि बाविसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी एक लहान मुलगी होती. तिला आईवडिलांकडे ठेवून त्या कॉलेजात गेल्या आणि १८५७ साली पदवीधर झाल्या. पुढे वॉशिंग्टनला आल्यावर त्यांनी इझिकेल लॉकवुड या वयाने बऱ्याच मोठ्या दंतवैद्याशी दुसरा विवाह केला. कायदा शिकण्यासाठी कोलंबियन कॉलेजात अर्ज केला, तर बाई वर्गात बसल्या की तरुणांचे लक्ष अभ्यासात लागणार नाही, असे उत्तर मिळाले.

पदवी मिळाली म्हणून न्यायालयांची दारे उघडली, असे झाले नाही. १८७४ साली सरकारविरुद्धचे दावे चालवणाऱ्या ‘कोर्ट ऑफ क्लेम्स’पुढे त्या सनदेसाठी उभ्या राहिल्या, तेव्हाचा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मुख्य न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहून सांगितले की बाई, आपण स्त्री आहात. हा आरोप नाकारण्याची सोय नव्हती. सुनावणी पुढे ढकलली गेली आणि पुढच्या वेळी न्यायाधीशांना आणखी एक दोष सापडला: आपण विवाहित स्त्री आहात. पतीची संमती आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. इझिकेल तिथेच बसलेले होते. तरीही अर्ज फेटाळला गेला, कारण विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने करार करता येत नाही, असे त्या काळचा कायदा मानत होता. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयानेही रूढीचे कारण पुढे केले: आजवर इथे पुरुषांखेरीज कोणी वकिली केलेली नाही.

रूढीला उत्तर कायद्याने द्यायचे, हे लॉकवुडबाईंनी ओळखले. त्यांनी विधेयकाचा मसुदा तयार करवून घेतला आणि पुढची तीन वर्षे त्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, सभासदांच्या मागे लागल्या. अखेर १५ फेब्रुवारी १८७९ रोजी अध्यक्ष हेज यांनी त्यावर सही केली आणि ३ मार्चला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सनद मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढच्या वर्षीची गोष्ट: सॅम्युअल लोअरी या कृष्णवर्णीय वकिलाच्या सनदेचा प्रस्ताव त्याच न्यायालयात त्यांनी मांडला. स्वतःसाठी उघडलेले दार त्यांनी दुसऱ्यासाठी धरून ठेवले.

याच सुमारास त्या तीनचाकी सायकलवरून वॉशिंग्टनच्या रस्त्यांनी कोर्टकचेऱ्यांची कामे करू लागल्या, आणि वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. १८८४ साली त्या ‘समान हक्क’ पक्षातर्फे थेट अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा तर गावोगावी पुरुषांनी बायकांचे झगे घालून त्यांची नक्कल करणाऱ्या मिरवणुका काढल्या. सुसान अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन या मताधिकाराच्या चळवळीतल्या ज्येष्ठांनाही ही उमेदवारी पसंत पडली नाही. लॉकवुडबाईंचा युक्तिवाद मात्र वकिली होता: मला मत देता येत नाही, पण इतरांनी मला मत देऊ नये असे घटनेत कुठे लिहिले आहे? सुमारे ४,००० मते त्यांना मिळाली, आणि काही ठिकाणची मते मोजलीच गेली नाहीत, अशी तक्रारही त्यांनी काँग्रेसकडे रीतसर नोंदवली. १८८८ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्या पंडिता रमाबाई त्या वर्षी अमेरिकेतच होत्या आणि तिथल्या स्त्रियांच्या स्थितीविषयी पुढे त्यांनी मराठीत सविस्तर लिहिले.

शांततेच्या चळवळीत त्या पडल्या, त्यातही त्यांच्यातला वकीलच दिसतो. दोन शेजाऱ्यांचे बांधावरून भांडण झाले तर ते न्यायालयात नेता येते. मग दोन राष्ट्रांनीच बंदुका का उचलाव्यात, असा त्यांचा प्रश्न होता. युद्धाऐवजी लवाद हा त्यांचा आग्रह त्यांनी ‘युनिव्हर्सल पीस युनियन’तर्फे वर्षानुवर्षे मांडला आणि १८८९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेलाही त्या गेल्या. वकिली चालूच होती. चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीच्या थकीत पैशांचा दावा १९०६ साली सर्वोच्च न्यायालयात लढवताना त्या पंचाहत्तरीत होत्या. त्या खटल्यात चेरोकींना सुमारे ५० लाख डॉलरचा हक्क मिळाला.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका महायुद्धात उतरली आणि १९ मे रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, लॉकवुडबाईंनी वॉशिंग्टनमध्ये देह ठेवला. स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती त्यानंतर तीन वर्षांनी, १९२० साली झाली. ती त्यांच्या हयातीत झाली असती, तरी अध्यक्षपदासाठी मत देणे त्यांना जमले नसते. कारण राजधानी वॉशिंग्टनच्या रहिवाशांना, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, तो हक्क मिळायला १९६१ साल उजाडावे लागले.

नमस्कार.